पडद्यावरचे चित्र आणि कारखान्यातील लोखंड : कॅडचे शिक्षण कसे असावे?

बारावीचे निकाल लागले आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की धर्मग्रामांतील पालकांच्या ओठी एक प्रश्न हमखास येतो : "मुलाने मेकॅनिकल घेतले आहे, त्याला कॅडच्या क्लासला घालावे का? आणि घालावे तर कोणते सॉफ्टवेअर शिकवावे?" प्रश्न रास्त आहे. क्लासची फी थोडीथोडकी नसते आणि ती भरण्यासाठी घरच्यांना अन्य खर्चाला कात्री लावावी लागते. मात्र या प्रश्नाचा सारा रोख सॉफ्टवेअरच्या नावावर असतो. ते कसे शिकवले जाते याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. चार-चार प्रमाणपत्रे गाठीशी असलेला पदवीधर मुलाखतीत एक साधा ब्रॅकेट कागदावर काढू शकत नाही, याचे मूळ बहुतेक वेळा याच दुर्लक्षात असते. म्हणून वाचकहो, कॅड म्हणजे नेमके काय आणि यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते कशा रीतीने शिकवले गेले पाहिजे, याचा थोडा विस्ताराने विचार करू या.

कॅड म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केलेले संकल्पन. एखादी वस्तू प्रत्यक्ष घडविण्यापूर्वी तिचे आकारमान, तिचे भाग, ते भाग एकमेकांत कसे बसतात आणि कसे हलतात, हे सर्व संगणकावर उभे करून पाहायचे, ही त्यामागील कल्पना. पंख्याच्या पात्यापासून विमानाच्या पंखापर्यंत आज जवळजवळ प्रत्येक कारखानी वस्तू प्रथम अशी पडद्यावर जन्म घेते. वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांतील औद्योगिक गाळ्यांत डाय आणि मोल्ड बनविणारा लहानसा कारखानदारही आता गिऱ्हाइकाकडून कागदाऐवजी त्रिमिती फाइल मागतो.

ड्रॉइंग बोर्डाचा वारसा

त्रिमिती वस्तू सपाट कागदावर अचूक कशी दाखवावी, या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर अठराव्या शतकात फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांनी दिले. मेझिएर येथील लष्करी अभियंत्यांच्या शाळेत किल्ल्यांच्या तटबंदीचे आराखडे करताना त्यांनी ही भूमिती विकसित केली. ती इतकी उपयुक्त ठरली की फ्रेंच लष्कराने कित्येक वर्षे ती गुपित म्हणून जपली. राज्यक्रांतीनंतर, १७९५ साली, मोंज यांनी तिची जाहीर व्याख्याने दिली आणि मग ती जगभर पसरली. वस्तूचे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारे रूप काढण्याची जी पद्धत आजही आपली मुले पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये शिकतात, ती मूळची हीच. भारतात प्रथम कोनीय प्रक्षेप वापरतात, अमेरिकेत तृतीय कोनीय. त्यामुळे परदेशी ड्रॉइंग वाचताना कोपऱ्यातील छोटे चिन्ह न पाहणारा उमेदवार डावे-उजवे उलटे करून बसतो.

संगणक या क्षेत्रात आला तो १९६३ साली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने डॉक्टरेटसाठी 'स्केचपॅड' ही प्रणाली तयार केली. टीएक्स-२ नावाच्या भल्यामोठ्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत. पण खरी नवलाई रेषा काढण्यात नव्हती. "या दोन रेषा समांतर राहू देत", "हा कोन काटकोनच असू दे" अशा अटी घालता येत आणि चित्रात बदल केला तरी संगणक त्या अटी पाळत असे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण साठ वर्षांनंतरही कॅड शिकविण्याचा गाभा तोच आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच वगळला जातो.

पुढील प्रवास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि लहान संगणकावर नकाशे काढता येऊ लागले. ड्राफ्टर, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटचा तो उग्र वास कार्यालयांतून हळूहळू हद्दपार झाला. १९८८ साली प्रो-इंजिनिअर बाजारात आले. त्यात मापे बदलली की संपूर्ण त्रिमिती आकार आपोआप बदलू लागला. १९९५ साली सॉलिडवर्क्सने हीच सोय विंडोजवर चालणाऱ्या साध्या संगणकावर आणली. फ्रान्समधील दासो कंपनीचे कॅटिया तोवर विमान व मोटार उद्योगात रुजले होते. बोइंग ७७७ हे विमान त्याच्याच साहाय्याने कागदी आराखड्यांविना संकल्पित झाले आणि १९९४ च्या जूनमध्ये त्याने पहिले उड्डाण केले.

आज्ञा शिकविणे आणि विचार शिकविणे

आता वर्गात डोकावू या. सर्वसाधारण प्रात्यक्षिकात शिक्षक प्रोजेक्टरवर एक भाग काढून दाखवतो, विद्यार्थी पायरीमागून पायरी तसेच करतात आणि तासाच्या शेवटी सर्वांच्या पडद्यावर एकसारखे, चकचकीत चित्र तयार होते. मुले खूश, शिक्षक खूश. परंतु मुलांना प्रत्यक्षात काय आले? कोणते बटण कोठे आहे, एवढेच. पुढील आवृत्तीत ते बटण हलले की ज्ञान संपले.

एक साधे उदाहरण घेऊ. १०० मिलिमीटर लांबीची एक पट्टी आहे आणि तिला दोन भोके पाडायची आहेत : एक डाव्या कडेपासून २० मिलिमीटरवर, दुसरे ८० वर. तीन विद्यार्थ्यांनी ती काढली. पहिल्याने दोन्ही भोकांची मापे डाव्या कडेपासून दिली. दुसऱ्याने प्रत्येक भोकाचे माप त्याच्या जवळच्या कडेपासून २० असे दिले. तिसऱ्याने भोके पट्टीच्या मध्याशी सममित ठेवली आणि त्यांच्यातील अंतर ६० दिले. पडद्यावर तिन्ही चित्रे तंतोतंत सारखी. परीक्षक तिघांनाही पूर्ण गुण देईल. आता गिऱ्हाइकाने सांगितले, पट्टी १४० मिलिमीटरची हवी. लांबीचा आकडा बदलताच पहिल्याची भोके २० आणि ८० वरच राहिली आणि उजवीकडे ६० मिलिमीटरचा रिकामा तुकडा उरला. दुसऱ्याची भोके २० आणि १२० वर गेली. तिसऱ्याची ४० आणि १०० वर आली.

तिघांपैकी बरोबर कोण? याचे उत्तर संगणकाजवळ नाही. ही पट्टी ज्या मोटरवर बसणार आहे तिच्या पायांतील अंतर ठरलेले असेल तर तिसरा बरोबर. भोके कडेच्या भिंतीला घट्ट धरून ठेवण्यासाठी असतील तर दुसरा. पट्टी डाव्या बाजूने कशाला तरी टेकून सगळी मापे तेथूनच घेतली जाणार असतील तर पहिला. म्हणजे माप कोठून द्यायचे हे ठरविण्यापूर्वी ती वस्तू कशासाठी आहे हे जाणून घ्यावे लागते. यालाच संकल्पनामागील हेतू म्हणतात. जो शिक्षक रेषा काढण्याआधी "ही वस्तू करते काय?" असे विचारायला लावतो, तो कॅड शिकवतो, इतर केवळ सॉफ्टवेअरची ओळख करून देतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आज्ञा शिकवायच्याच असतात, पण त्याही अर्थासह शिकवता येतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी 'एक्स्ट्रूड' या शब्दाला बिचकतो. त्याला सांगावे, नाताळात आई सोऱ्याने चकली पाडते तेव्हा चकतीला असलेले छिद्र म्हणजे तुझे स्केच आणि बाहेर येणारा पिठाचा लांब आकार म्हणजे एक्स्ट्रूड. 'रिव्हॉल्व्ह' म्हणजे कुंभाराच्या चाकावर फिरून तयार झालेले मडके. 'शेल' म्हणजे शहाळे आतून खरवडून कवटी ठेवणे. एकदा हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले की तो कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ती आज्ञा शोधून काढतो. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली. सर्व महाविद्यालये त्या वाटेने जातील असे नाही, पण इंग्रजी वर्गातही समजावणीला मायबोली वापरण्यास कोणी आडकाठी केलेली नाही.

पडदा जे सांगत नाही

पडद्यावर सर्व काही नेमके असते. २० मिलिमीटरचे भोक आणि २० मिलिमीटरचा दांडा तेथे अलगद एकमेकांत शिरतात. कारखान्यात मात्र नेमके २० असे काही नसतेच. प्रत्येक यंत्र, प्रत्येक हत्यार थोडाफार फरक ठेवते. म्हणून अभियंता फरकाची मर्यादा आधीच ठरवून देतो. उदाहरणार्थ, सरकत्या जोडणीसाठी 'एच७/जी६' असे लिहिले, तर २० मिलिमीटरचे भोक २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर इतके चालते आणि दांडा १९.९८० ते १९.९९३ इतका. म्हणजे दोहोंत कमीत कमी ०.००७ आणि जास्तीत जास्त ०.०४१ मिलिमीटर मोकळीक राहते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, यावरून ही बारकाई ध्यानी यावी. ही मर्यादा लिहिली नाही तर कारागीर आपल्या अंदाजाने काम करतो. मग कधी दांडा हातोडीने ठोकावा लागतो, तर कधी तो खुळखुळतो. ती गरज नसताना अतिशय कडक लिहिली तर भागाची किंमत अनेक पटींनी वाढते. विद्यार्थ्याला त्रिमिती चित्र सुंदर काढता येते. पण त्याच्या द्विमिती ड्रॉइंगवर ही एक ओळ नसेल, तर ते चित्र कारखान्याच्या काय कामाचे?

तसेच कोपऱ्यांचे. पडद्यावर ठोकळ्यात चौकोनी खाच काढायला दोन क्लिक पुरतात आणि तिचे आतील कोपरे अगदी टोकदार येतात. व्हीएमसी यंत्रावर ती खाच कोरणारे कटर गोल असते आणि फिरत असते. १० मिलिमीटर व्यासाचे कटर आतील कोपऱ्यात ५ मिलिमीटरची गोलाई सोडणारच. टोकदार कोपरा हवाच असेल तर काम स्पार्क मशीनवर न्यावे लागते आणि खर्च वाढतो. मोल्डमधून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या भागाच्या भिंतींना किंचित उतार ठेवला नाही तर भाग साच्यातच अडकून बसतो. टूलरूममध्ये एक तास उभे राहिलेल्या मुलाला हे पुन्हा सांगावे लागत नाही. आपल्या भागात अशा टूलरूम हाकेच्या अंतरावर असताना मुले सहा-सहा सत्रे वातानुकूलित प्रयोगशाळेत बसून काढतात, ही खेदाची गोष्ट आहे.

टोकदार कोपऱ्याला आणखी एक दुखणे आहे. भार आला की ताण तेथे एकवटतो आणि तडा तेथूनच जातो. संगणकावर ताणाचे विश्लेषण करण्याची सोय असते. लाल, पिवळ्या, निळ्या रंगांचे ते चित्र प्रकल्पाच्या अहवालात मोठे रुबाबदार दिसते. परंतु अगदी टोकदार आतील कोपऱ्याशी जाळी जितकी बारीक करावी तितका ताणाचा आकडा वाढतच जातो, तो एका ठिकाणी स्थिरावत नाही. हे ज्याला ठाऊक नाही तो त्या आकड्यावर विसंबून निष्कर्ष लिहितो. म्हणून साध्या तुळईचे गणित आधी हाताने सोडवायला लावून मगच संगणकाचे उत्तर पाहू देणारा शिक्षक मुलांना जुनाट वाटला, तरी तोच त्यांचे भले करीत असतो.

डोळ्यांपुढे वस्तू उभी करण्याची शक्ती

काही मुलांना कागदावरील तीन दृश्ये पाहताच वस्तू दिसू लागते. काहींना कितीही सांगितले तरी दिसत नाही. पूर्वी हा जन्मजात फरक मानला जाई आणि अशा मुलांना, त्यांतही मुलींना, "मेकॅनिकल तुझे काम नव्हे" असे सांगितले जाई. अमेरिकेतील मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी आणि बेव्हर्ली बार्टमन्स या दोन प्राध्यापिकांनी १९९३ साली या समजाला धक्का दिला. प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांची वस्तू मनात फिरवून पाहण्याची चाचणी त्यांनी घेतली आणि जे मागे पडले त्यांच्यासाठी एक छोटा अभ्यासक्रम चालविला. त्यात हाताने रेखाटन आणि एकमेकांत अडकणाऱ्या ठोकळ्यांची रचना यांवर भर होता. मुलांची ही शक्ती सरावाने स्पष्टपणे वाढली. पुढील विषयांत त्यांची प्रगती सुधारली आणि अभियांत्रिकी अर्ध्यावर न सोडणाऱ्या मुलींचे प्रमाणही वाढले. स्वतः सॉर्बी यांना विद्यार्थिदशेत ड्रॉइंग हा विषय जड गेला होता, हे विशेष.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. साबणाची वडी सुरीने कापून तिची तीन दृश्ये काढणे, गाजर तिरपे कापून लंबवर्तुळ पाहणे, घरातील बिघडलेला नळ उघडून त्याचा प्रत्येक भाग व्हर्नियरने मोजणे आणि हाताने रेखाटणे, एवढ्याने पुष्कळ काम होते. वसईच्या वाड्यांतील विहिरींवर एके काळी रहाट फिरत असत. त्यांची लाकडी दातेरी चाके घडविणाऱ्या सुताराजवळ ड्रॉइंग नव्हते. दात किती, त्यांतील अंतर किती, हे सारे त्याच्या डोक्यात होते. ती शक्ती संगणक देत नाही. ज्याच्याजवळ ती आहे त्याच्या हाती मात्र संगणक मोठे बळ देतो.

जीटी आणि फाइलची नक्कल

मुंबई परिसरात अभियांत्रिकी शिकलेल्या कोणालाही 'जीटी मारणे' हा शब्दप्रयोग सांगावा लागणार नाही. काचेखाली दिवा लावायचा, वर मित्राची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री रेषेवर रेष गिरवायची. त्या जमान्यात निदान हात तरी दुखत असे आणि गिरवता गिरवता चार गोष्टी डोक्यात शिरत. आता फाइलची नक्कल करून नाव बदलायला काही क्षण लागतात. शिक्षेने हे थांबत नाही. तपासणीची रीत बदलली तर मात्र बराच फरक पडतो. तयार चित्राला गुण देण्याऐवजी शिक्षकाने विद्यार्थ्यासमोर बसून एक माप बदलावे, वर दिलेल्या पट्टीसारखे, आणि काय होते ते पाहावे. मॉडेल कोसळले आणि झाडात लाल खुणा उमटल्या, तर "का कोसळले?" असे विचारावे. ज्याने ते स्वतः बांधले आहे तो दोन मिनिटांत उत्तर देईल. ज्याने उचलले आहे त्याला कोठून सुरुवात करावी हेही कळणार नाही. याहून उत्तम म्हणजे प्रत्येकाला वेगळा, प्रत्यक्ष हातात धरता येणारा भाग देणे. साठ मुलांच्या वर्गात यास वेळ लागतो हे खरे आहे आणि शिक्षकांवरील कामाचा बोजा पाहता सर्वांना ते जमेल असे म्हणता येत नाही. पण सत्रातून एकदा तरी जमावे.

एकट्याने भाग काढणे ही अर्धीच विद्या आहे. प्रत्यक्षात दहा जण एकाच यंत्रावर काम करतात. फाइलला नाव काय द्यायचे, नवी आवृत्ती कोणती, जुनी कोणी वापरायची नाही, हे ठरलेले नसेल तर काय घडते, याचे बोलके उदाहरण म्हणजे एअरबसचे ए३८० हे दुमजली विमान. त्यात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा आहेत. हॅम्बुर्ग येथील मंडळी कॅटियाची चौथी आवृत्ती वापरीत होती, तर तुलूझ येथील मंडळी पाचवी. दोन्हींतील माहिती नीट जुळली नाही. हॅम्बुर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूझमध्ये विमानात बसवू लागल्यावर कित्येक ठिकाणी आखूड पडले. २००६ साली कंपनीला विलंब जाहीर करावा लागला, वरिष्ठांना पदे सोडावी लागली आणि पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये, वर्षाहून अधिक उशिराने, सिंगापूर एअरलाइन्सच्या ताब्यात गेले. तेथील अभियंते नवशिके नव्हते. म्हणूनच तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून एक छोटा व्हाइस किंवा स्क्रू-जॅक संगणकावर जुळविण्याचा प्रकल्प फार मोलाचा ठरतो. पहिल्या खेपेस त्यांचे भाग एकमेकांत बसत नाहीत; ते तसे का बसले नाहीत यावर जी चर्चा होते ती कोणत्याही व्याख्यानाहून अधिक शिकवून जाते.

मग क्लास निवडावा कसा?

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. सॉफ्टवेअरच्या नावाला फार महत्त्व देऊ नये. एका त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये विचार पक्का झालेला मुलगा दुसरे काही आठवड्यांत आत्मसात करतो. जेथे नोकरी करायची तेथील उद्योग काय वापरतो एवढे पाहावे. मोटार आणि विमान उद्योगात कॅटिया आढळते, तर लहान यंत्रनिर्मात्यांकडे सॉलिडवर्क्स किंवा ऑटोकॅड. घरी सराव करण्यासाठी चोरीच्या प्रती बाळगण्याचे काही कारण उरलेले नाही. अनेक कंपन्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवाने विनामूल्य वा अल्प दरात देतात. शिवाय फ्रीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर कोणालाही फुकट उतरवून घेता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि स्केच, अटी, जोडणी, ड्रॉइंग हे सर्व शिकण्यास ते पुरेसे आहे.

क्लासमध्ये फी भरण्यापूर्वी एक दिवस बसू द्यावे अशी विनंती करावी आणि काही गोष्टी पाहाव्यात. टेबलावर एखादा खरा भाग, एखादा व्हर्नियर कॅलिपर आहे की नुसते संगणकच आहेत? मुले स्केचला अटी घालतात की अंदाजाने रेषा ओढतात? शेवटी टॉलरन्स लिहिलेले ड्रॉइंग काढून घेतात की रंगीत चित्रावरच काम संपते? शिकविणाऱ्याने कधी कारखान्यात काम केले आहे का, हेही नम्रपणे विचारावे. आणि मुलाला घरी आल्यावर एकच सांगावे : आज पडद्यावर जे काढलेस ते या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढून दाखव, आणि ते कशासाठी आहे ते मला समजेल अशा भाषेत सांग.